‘स्टेटहुड’ मराठीत लिहिताना: ‘राज्याचा दर्जा’ कुठे चालतो, कुठे चुकतो

१ मे जवळ आला की सोलापुरात एक वाक्य हमखास दोन ठिकाणी दिसतं, चौकातल्या फ्लेक्सवर आणि अभ्यासिकेतल्या पोरांच्या वहीत: ‘१९६० साली महाराष्ट्राला राज्याचा दर्जा मिळाला.’ वाक्य गुळगुळीत आहे आणि चूक आहे. महिनाभरात २ जूनला तेच वाक्य तेलंगणाचं नाव घालून येतं. परदेशच्या बातम्यांत ‘पॅलेस्टाईनला राज्याचा दर्जा’ असा मथळा येतो, तोही चूकच.

तिन्ही चुकांचं मूळ एक आहे. इंग्रजीत ‘स्टेटहुड’ दिसलं की आपला हात विचार न करता ‘राज्याचा दर्जा’ लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात आधी घटना समजून घ्यायची असते, म्हणजे काय होतं आणि त्याचं काय झालं. शब्द त्यानंतर निवडायचा. हा क्रम उलटा झाला की व्याकरण शुद्ध राहतं आणि मजकूर चुकतो. राज्यसेवेची वर्णनात्मक उत्तरं लिहिणारे, बातम्यांचं भाषांतर करणारे आणि शाळेत १ मेचं भाषण बसवून देणारे शिक्षक यांच्यासाठी पुढचे टप्पे आहेत. ओळीनेच जा. तिसरा टप्पा आधी आणि दुसरा नंतर केला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

## तयारी: टेबलावर काय हवं

संविधानाची मराठी प्रत, त्यातही फक्त भाग एक (कलम १ ते ४) आणि पहिली अनुसूची. भाग एक दोन पानांत संपतो, पण गाईड वाचणाऱ्यांपैकी फार थोडे तो मुळातून वाचतात. पहिल्या अनुसूचीत सगळी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश त्यांच्या हद्दींसह दिलेले आहेत आणि कोणत्या कायद्याने हद्द बदलली तेही त्यात कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे १९५६ च्या आधीचा भारताचा राजकीय नकाशा. आजच्या नकाशावर कालच्या घटना वाचल्या की गोंधळ ठरलेला. जुना शालेय ॲटलास मिळाला तर उत्तम, नाहीतर ग्रंथालयात मागा.

तिसरी गोष्ट, ज्या राज्याबद्दल लिहायचं आहे त्याच्या कायद्याचं पूर्ण नाव. ‘मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६०’, ‘आंध्र प्रदेश पुनर्रचना अधिनियम, २०१४’ अशी ही नावं असतात आणि निम्मं उत्तर त्या नावातच असतं. ‘पुनर्रचना’ दिसलं की समजा, आधीचं काहीतरी मोडून नवं मांडलेलं आहे.

## टप्पा १: वाक्य कोणत्या अर्थाच्या ‘राज्या’बद्दल आहे ते ठरवा

मराठीत ‘राज्य’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. त्यांना ओळीने तीन खण म्हणू.

संघराज्यातला घटक. महाराष्ट्र, गोवा, तेलंगण. संविधानाचं पहिलंच कलम भारत हा ‘राज्यांचा संघ’ असेल असं म्हणतं, ते हे राज्य. अमेरिकेची ५० राज्यंही याच खणात. ‘घटकराज्य’ हा नेमका शब्द इथलाच.

सार्वभौम देश. आंतरराष्ट्रीय कायद्यात ‘राज्य’ म्हणजे भारत, नेपाळ, दक्षिण सुदान. बातमीत इथे ‘देश’ किंवा ‘राष्ट्र’ लिहिलेलं बरं. अभ्यासाच्या उत्तरात ‘सार्वभौम राज्य’.

राज्यसंस्था. म्हणजे सत्ता चालवणारी यंत्रणा. ‘कल्याणकारी राज्य’ म्हणतो ते हे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणासाठी संविधानाच्या कलम १२ मध्ये ‘राज्य’ची जी व्याख्या आहे तिच्यात केंद्र सरकार, संसद, राज्यांची सरकारं आणि विधिमंडळं यांच्याबरोबर स्थानिक प्राधिकरणंही येतात. त्या अर्थाने सोलापूर महानगरपालिकासुद्धा ‘राज्य’ आहे. म्हणून कुणी महापालिकेला घटकराज्य म्हणणार नाही, पण ‘राज्याने नागरिकांत भेदभाव करू नये’ हे वाक्य फक्त मुंबईच्या मंत्रालयाला लागू आहे असं समजून उत्तर लिहिणारे भरपूर भेटतात.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एक सापळा इथेच आहे. पुस्तकात राज्याचे चार घटक पाठ केलेले असतात: लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था, सार्वभौमत्व. मग प्रश्न येतो घटकराज्यांवर आणि उत्तराची सुरुवात होते या चार घटकांनी. महाराष्ट्राकडे पहिले तीन आहेत, चौथं नाही. म्हणजे तुमच्याच व्याख्येने तुम्ही महाराष्ट्राला राज्यांच्या यादीतून बाहेर काढलंत. ती व्याख्या दुसऱ्या खणातली आहे, पहिल्या खणातल्या उत्तरात तिला आणू नका.

तपासा: वाक्यातला ‘राज्य’ खोडून तिथे ‘देश’ लिहून पाहा. अर्थ बसला तर खण दुसरा. ‘सरकारी यंत्रणा’ बसलं तर तिसरा. दोन्ही बसले नाहीत तरच पुढच्या टप्प्याला या.

## टप्पा २: ‘आधी’ आणि ‘नंतर’ची ओळ मारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वहीत एक आडवी ओळ काढा. डावीकडे आधीची स्थिती, उजवीकडे नंतरची, मध्ये तारीख. डावी बाजू रिकामी ठेवून पुढे जायचं नाही.

गोव्यापासून सुरुवात करू. डावीकडे: ‘गोवा, दमण आणि दीव’ हा केंद्रशासित प्रदेश. मध्ये: ३० मे १९८७. उजवीकडे: गोवा हे राज्य, दमण आणि दीव मात्र केंद्रशासितच. आधी खालची पायरी होती, नंतर वरची मिळाली. इथे ‘दर्जा मिळाला’ अगदी चपखल. गोव्यात या दिवसाला ‘घटकराज्य दिन’ म्हणतात आणि माझ्या मते ‘स्टेटहुड डे’साठी याहून चांगला मराठी शब्द शोधायची गरज नाही. १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यासाठी १६ जानेवारी १९६७ ला झालेला जनमत कौल आणि १९८७ चं घटकराज्य या तीन वेगळ्या घटना आहेत. ‘गोवा १९६१ मध्ये भारताचं राज्य झालं’ हे वाक्य तिन्हींची खिचडी करतं.

याच प्रकारात हिमाचल प्रदेश (२५ जानेवारी १९७१), मणिपूर आणि त्रिपुरा (दोन्ही २१ जानेवारी १९७२), अरुणाचल प्रदेश आणि मिझोराम (दोन्ही २० फेब्रुवारी १९८७) येतात. मिझोरामसाठी एक ओळ पुरत नाही: आधी तो आसामचा जिल्हा, १९७२ मध्ये केंद्रशासित प्रदेश, मग १९८७ मध्ये राज्य. मधली पायरी गाळली की ‘१९८७ मध्ये मिझोराम आसामपासून वेगळा झाला’ असं चुकीचं वाक्य तयार होतं.

आता महाराष्ट्र. डावीकडे काय लिहाल? ‘काही नव्हतं’ असं लिहिणारे पुष्कळ. डावीकडे द्वैभाषिक (मराठी-गुजराती) मुंबई राज्य होतं, पूर्ण अधिकारांचं, विधिमंडळ असलेलं राज्य. सोलापूर त्यात होतंच. मुंबई पुनर्रचना अधिनियमाचं कलम ३ वाचाल तर आणखी एक गंमत दिसेल. त्यात नवं राज्य म्हणून घडवलं गेलं ते गुजरात. आणि उरलेल्या मुंबई राज्याला यापुढे महाराष्ट्र राज्य म्हटलं जाईल, असं लिहिलेलं आहे. कायद्याच्या कागदावर आपण नव्याने जन्मलो नाही, आपलं नाव बदललं आणि हद्द आक्रसली. वाटणी होऊन धाकटा वेगळा राहायला गेला म्हणून थोरल्याला घराचा दर्जा मिळाला असं कुणी म्हणत नाही, तसंच हे.

यावर एखादा चिडून म्हणेल, मग संयुक्त महाराष्ट्रासाठी लोकांनी प्राण दिले ते काय नाव बदलण्यासाठी? नाही. मराठी भाषकांचं मुंबईसह एक राज्य ही मागणी होती आणि ती १ मे १९६० ला पूर्ण झाली. ‘महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली’ हे वाक्य म्हणूनच बरोबर आहे, तेच वापरा. चुकतो तो ‘दर्जा’, कारण वर चढायला खालची पायरीच नव्हती.

छत्तीसगड, तेव्हाचं उत्तरांचल आणि झारखंड (नोव्हेंबर २००० मध्ये अनुक्रमे १, ९ आणि १५ तारखेला) तसंच तेलंगण (२ जून २०१४) हे सगळे एका राज्यातून वेगळे झालेले प्रदेश. इंग्रजीत या सगळ्यांना सरसकट ‘स्टेटहुड’. मराठीत ‘वेगळं राज्य झालं’, ‘राज्याची निर्मिती झाली’. वर्तमानपत्राच्या मथळ्यात जागेअभावी ‘तेलंगणाला राज्याचा दर्जा’ छापलं तर मी भांडणार नाही. परीक्षेच्या उत्तरात मात्र ते नको.

उलट्या दिशेची ओळ एकच महत्त्वाची आहे. डावीकडे जम्मू-काश्मीर राज्य, मध्ये ३१ ऑक्टोबर २०१९, उजवीकडे जम्मू-काश्मीर आणि लडाख असे दोन केंद्रशासित प्रदेश. इथे ‘दर्जा काढून घेतला’ आणि पुढच्या मागणीसाठी ‘दर्जा पूर्ववत करा’ हे दोन्ही प्रयोग बरोबर.

सिक्कीमची ओळ कुणाशीच जुळत नाही. डावीकडे भारताच्या संरक्षणाखालचं चोग्याल राजांचं राज्य, मग ३५व्या घटनादुरुस्तीने ‘सहयोगी राज्य’, आणि ३६व्या घटनादुरुस्तीने १६ मे १९७५ पासून भारताचं २२वं राज्य. ‘सिक्कीम भारतीय संघात राज्य म्हणून सामील झालं’ एवढं सरळ लिहा.

सावधान: ‘पूर्ण राज्याचा दर्जा’ यातल्या ‘पूर्ण’ला संविधानात आधार नाही. दिल्ली हा विधानसभा असलेला केंद्रशासित प्रदेश आहे. कलम २३९कक नुसार पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय तिच्या विधानसभेकडे नाहीत. म्हणून तिथल्या राजकारणात ‘पूर्ण’ची मागणी असते. ती अवतरणात द्या, स्वतःच्या तोंडी घालू नका. अपवाद मेघालयाचा. तो १९७० ते १९७२ या काळात आसामच्या आतलं ‘स्वायत्त राज्य’ होता, त्यामुळे २१ जानेवारी १९७२ ला तो ‘पूर्ण राज्य’ झाला या म्हणण्याला अर्थ आहे.

## टप्पा ३: क्रियापद जुळवा

ओळ नीट मारली असेल तर हा टप्पा पाच मिनिटांचा आहे. दर्जा मिळतो, दिला जातो, काढून घेतला जातो, पूर्ववत होतो. राज्य स्थापन होतं, निर्माण होतं, वेगळं होतं. ‘राज्याचा दर्जा स्थापन झाला’ किंवा ‘राज्य बहाल केलं’ असल्या जोड्या सुटल्या नाहीत ना, ते पाहा.

‘स्वतंत्र’ शब्दाला जपा. ‘स्वतंत्र विदर्भ’ म्हणताना आपल्याला वेगळा विदर्भ म्हणायचं असतं, हे इथल्या माणसाला कळतं. पण त्याच लेखात दोन परिच्छेदांनंतर ‘स्वतंत्र पॅलेस्टाईन’ आलं की एकच विशेषण दोन अर्थांनी वापरलं जातं. भारतातल्या मागण्यांसाठी ‘वेगळं राज्य’ लिहायची सवय लावा.

‘राज्यत्व’ हा शब्द मी फक्त तात्त्विक चर्चेत वापरतो: ‘राज्यत्वाचे निकष’. ‘गोव्याला राज्यत्व मिळालं’ असं गोव्यातही कुणी बोलत नाही.

## टप्पा ४: कोणती तारीख, ते पक्कं करा

एका राज्यनिर्मितीला किमान तीन तारखा असतात: संसदेत विधेयक संमत झालं ती, राष्ट्रपतींची संमती मिळाली ती आणि कायदा प्रत्यक्ष लागू झाला तो नियत दिन. राज्य अस्तित्वात येतं ते नियत दिनी. तेलंगणाचं विधेयक राज्यसभेत २० फेब्रुवारी २०१४ ला संमत झालं, राष्ट्रपतींची संमती १ मार्चला आणि राज्य २ जूनला. जम्मू-काश्मीरबाबत ‘५ ऑगस्ट २०१९ ला केंद्रशासित प्रदेश झाला’ असं सर्रास लिहिलं जातं. त्या दिवशी विधेयक मांडलं गेलं, बदल झाला ३१ ऑक्टोबरला.

## टप्पा ५: कुणी केलं आणि कसं, याची कडी लावा

गुण जातात ते इथे, आणि अग्रलेखांची पत जाते तीही इथेच. संविधानाच्या कलम ३ चा क्रम असा आहे.

१. नव्या राज्याचं किंवा हद्द-नाव बदलाचं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय संसदेत मांडता येत नाही.

२. त्या विधेयकाने एखाद्या राज्याचं क्षेत्र, हद्द किंवा नाव बदलणार असेल तर राष्ट्रपती ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत मांडण्यासाठी पाठवतात आणि मुदत ठरवून देतात.

३. मुदत संपली, मत आलं किंवा नाही आलं, तरी पुढे जाता येतं.

४. संसद साध्या बहुमताने कायदा करते.

५. पहिल्या आणि चौथ्या अनुसूचीत त्यामुळे बदल होतो (चौथी म्हणजे राज्यसभेच्या जागांची). तरी कलम ४ नुसार तो कलम ३६८ खालची घटनादुरुस्ती धरला जात नाही.

चुकीची वाक्यं यावरून तुम्हीच ओळखाल. ‘विधानसभेने ठराव केल्याशिवाय राज्य होऊ शकत नाही’: चूक. ‘दोन तृतीयांश बहुमत लागतं’: चूक. राज्याला विचारणं बंधनकारक आहे, त्याचं ऐकणं बंधनकारक नाही. आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये तेलंगणाचं विधेयक आवाजी मतदानाने फेटाळलं होतं, तरी राज्य झालं.

याचा सगळ्यात जुना दाखला तर आपल्याच घरचा आहे. १९५६ च्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन तुकडे होते. विधिमंडळाने मत दिलं ते या तीन तुकड्यांवर. संसदेत ते बदलून एकच द्वैभाषिक मुंबई राज्य करण्यात आलं. बदललेला प्रस्ताव पुन्हा विधिमंडळाकडे यायला हवा होता, असं म्हणत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘बाबुलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य’ या निकालात न्यायालयाने सांगितलं की दरवेळी नव्याने विचारण्याची गरज नाही. कलम ३ वरच्या उत्तरात हा निकाल घाला आणि तो मुंबई राज्याबद्दलच आहे हेही लिहा. परीक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही की पोरगं मुळापर्यंत गेलेलं आहे.

सावधान: ‘घटनादुरुस्ती कधीच लागत नाही’ हेही टोकाचं झालं. राज्य घडवायला लागत नाही. पण सोबत विशेष तरतूद करायची तर लागते. नागालँडसाठी कलम ३७१क आलं ते १३व्या घटनादुरुस्तीने. सिक्कीमचा रस्ता तर घटनादुरुस्तीचाच होता, ते वर आलंच आहे.

## टप्पा ६: ‘दर्जा’ शब्दाची तीन भावंडं वेगळी काढा

‘राज्याचा दर्जा’, ‘विशेष दर्जा’ आणि ‘विशेष श्रेणी राज्य’ एकाच पिशवीत कोंबले जातात.

कलम ३७० मुळे जम्मू-काश्मीरला जो होता तो विशेष दर्जा. राज्याचा दर्जा ही निराळी बाब. दोन्हींवरचे निर्णय एकाच वेळी झाले म्हणून गोंधळ पक्का झाला. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२३ ला कलम ३७० बाबतचा निर्णय वैध ठरवला आणि त्याच निकालात राज्याचा दर्जा लवकरात लवकर पूर्ववत करावा असंही सांगितलं. म्हणजे एक परत येणार नाही आणि दुसरा परत यायचा आहे, असं एकाच निकालात. बातमी लिहिण्याच्या दिवशी स्थिती काय आहे ते पाहून मगच काळ ठरवा.

‘विशेष श्रेणी राज्य’ हा पैशांचा मामला. १९६९ मध्ये गाडगीळ सूत्राबरोबर (केंद्राची मदत राज्यांत वाटण्याचं सूत्र) तो सुरू झाला. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर ही पहिली तीन राज्यं. आंध्र प्रदेश विभाजनानंतर ‘विशेष दर्जा’ मागतो तो हा, केंद्राकडून जास्त मदतीसाठी. आंध्र आधीपासून राज्यच आहे.

लडाखमध्ये राज्याचा दर्जा आणि सहाव्या अनुसूचीत (आदिवासी भागांच्या स्वायत्त परिषदांची) समावेश या दोन मागण्या जोडीने येतात. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं होत नाही. बातमीत दोन्ही वेगळ्या लिहा. आणि कलम ३७१(२) मधली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या विकास मंडळांची तरतूद म्हणजे यांपैकी काहीच नव्हे. सोलापूर त्यात ‘उर्वरित’मध्ये मोडतं.

## टप्पा ७: देशांबद्दल लिहिताना

इथे तीन प्रश्न सुटे ठेवायचे. निकष पुरे होतात का? इतर देशांनी मान्यता दिली का? संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व आहे का?

निकषांसाठी १९३३ चा माँटेव्हिडिओ करार सांगतात: कायम लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. मान्यता ही प्रत्येक देश आपापली देतो. भारताने पॅलेस्टाईनला ती १९८८ मध्येच दिली. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये. सदस्यत्वासाठी सुरक्षा परिषदेची शिफारस आणि आमसभेत दोन तृतीयांश मतं लागतात. २९ नोव्हेंबर २०१२ च्या ठरावाने पॅलेस्टाईन ‘सदस्य नसलेलं निरीक्षक राज्य’ झालं; एप्रिल २०२४ मध्ये सदस्यत्वाचा प्रस्ताव सुरक्षा परिषदेत अमेरिकेच्या नकाराधिकारामुळे अडला. म्हणून मथळा हवा ‘पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून ब्रिटनची मान्यता’. ‘राज्याचा दर्जा’ लिहिलं की वाचणाऱ्याला ते कुठल्यातरी देशाचं घटकराज्य झाल्यासारखं वाटतं.

दक्षिण सुदानच्या बाबतीत तिन्ही गोष्टी भराभर झाल्या: ९ जुलै २०११ ला स्वातंत्र्य, १४ जुलैला सदस्यत्व. असं दरवेळी होत नाही.

अमेरिकेतल्या बातमीला मात्र पहिल्या खणातला शब्द चालतो. अलास्का आणि हवाई हे आधी प्रदेश होते, १९५९ मध्ये राज्यं झाली. पोर्टो रिकोची मागणीही ‘राज्याचा दर्जा’ हीच.

## सराव: सोलापुरातून निघणारे रस्ते

‘आधी-नंतर’ची ओळ अंगवळणी पडायला सोलापूरसारखं गाव नाही. इथून निघणाऱ्या रस्त्यांना शेजारच्या गावांची नावं आहेत आणि प्रत्येक रस्त्याची ओळ वेगळी येते. एकेक रस्ता घ्या आणि पुढे न वाचता वहीत लिहून काढा. मग ताडून पाहा.

सोलापूर स्वतः. मुंबई इलाखा, मग मुंबई प्रांत, १९५० पासून मुंबई राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली तेव्हा सोलापूर ‘महाराष्ट्र राज्यात’ नव्हतं. भाषणात ‘आजच्या महाराष्ट्रातलं सोलापूर’ म्हणा.

अक्कलकोट रोड. अक्कलकोट हे संस्थान होतं, १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं. शब्द ‘विलीनीकरण’. संस्थानाला ‘राज्य’ म्हणायला हरकत नाही, फक्त ‘घटकराज्य’ म्हणू नका.

विजापूर रोड. इथे पुष्कळ जण चुकतात. विजापूर निजामाकडे नव्हतं, ते सोलापूरसारखंच मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेलं आणि त्या राज्याचं नाव १ नोव्हेंबर १९७३ ला कर्नाटक झालं. ‘१९५६ मध्ये विजापूर कर्नाटकात गेलं’ हे बोलण्यात ठीक, उत्तरात ‘तेव्हाच्या म्हैसूर राज्यात’ लिहा.

तुळजापूर रोड. हैदराबाद संस्थान, सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई (१३ तारखेला फौजा सोलापूरच्याच बाजूने नळदुर्गकडे सरकल्या), १९५० पासून हैदराबाद राज्य, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई, १९६० पासून महाराष्ट्र. १७ सप्टेंबरसाठी शब्द ‘मुक्ती’. त्या दिवशी मराठवाड्याचं राज्य झालं नाही.

हैदराबाद रोड. शेवटचं टोक घ्या, हैदराबाद शहर. संस्थान, हैदराबाद राज्य, १९५६ पासून आंध्र प्रदेश, २०१४ पासून तेलंगण. १ ऑक्टोबर १९५३ ला मद्रास राज्यातून वेगळं झालेलं ‘आंध्र राज्य’ वेगळं, त्यात हैदराबाद नव्हतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात त्यांना आजोबांचं गाव कोणत्या राज्यातलं असं विचारून बघा. उत्तर आजोबा सोलापुरात कधी आले त्यावर अवलंबून असतं.

## एक उतारा दुरुस्त करून पाहा

मुद्दाम चुका भरून हा उतारा केला आहे:

‘१९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना होऊन सोलापूर महाराष्ट्र राज्यात आलं. त्याआधी विजापूर आणि तुळजापूर दोन्ही निजामाकडे होती. १ मे १९६० ला घटनादुरुस्तीने महाराष्ट्राला स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळाला. २०१४ मध्ये आंध्र विधानसभेच्या संमतीने तेलंगणालाही विशेष दर्जा मिळाला.’

पहिल्या वाक्यात राज्याचं नाव चुकलं. ‘भाषावार प्रांतरचना’ हा रुळलेला शब्द आहे, तो राहू द्या, जरी कायद्याच्या नावात ‘राज्य पुनर्रचना’ असलं तरी. दुसऱ्यात विजापूर काढायचं. तिसऱ्यात ‘घटनादुरुस्ती’, ‘स्वतंत्र’ आणि ‘दर्जा’ तिन्ही जातात. चौथ्यात संमती नव्हती आणि विशेष दर्जाचा संबंधच नाही. दुरुस्त उतारा असा होईल:

‘१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा सोलापूर द्वैभाषिक मुंबई राज्यात राहिलं, विजापूर म्हैसूर राज्यात गेलं आणि हैदराबाद राज्यातलं तुळजापूर मुंबई राज्यात आलं. मुंबई पुनर्रचना अधिनियमानुसार १ मे १९६० ला गुजरात वेगळं होऊन महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. आंध्र प्रदेश विधानसभेचा विरोध असतानाही संसदेने कायदा केला आणि २ जून २०१४ ला तेलंगण हे वेगळं राज्य अस्तित्वात आलं.’